कडक इस्त्रीचं पोतेरं

१

"पोट आहे का फुटकी बादली गं तुझं? परवा तुला काठोकाठ भरलं, शंभर टक्के, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि आज चाळीस? कुणाला देऊन बसलीस? बोल ना, भवाने!"

भिंतीपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मी लगेच काही बोलले नाही. टाचण्यांचा हा एक फायदा आहे. मी कपडे दुरुस्त करते. बाह्या आखूड, कंबर सैल, चेन नवी. या टाचण्यांमुळे आयुष्यात माझी बरीच भांडणं टळली आहेत.

बोलणारी माझी भाची, भिंगरी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि आता जनावरांची डॉक्टर झाली तरी ते सुटलेलं नाही. जिच्याशी बोलणं चाललं होतं ती तिची गाडी. निळी, विजेवर चालणारी. अंगणात दादाच्या बंद दुकानाला लागून उभी असते.

टाचण्या उशीत खोचून मी दारातून डोकावले. भिंगरी बॉनेटवर हात ठेवून उभी होती, गायीची नाडी बघावी तशी.

"आत्या, चोरी झालीय."

"काय गेलं?"

"वीज," ती म्हणाली. "आणि परवा सकाळी मला निघायचंय."

२

या चोरीचं गांभीर्य कळायला गाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

भिंगरीनं ती घेतली ती मिरवायला नाही. या गाडीला एक उलट-प्लग आहे. गाडीला जिथून चार्जिंग होतं त्याच तोंडात तो बसवायचा, की गाडी स्वतःच्या बॅटरीतून वीज बाहेर देऊ लागते. साधा घरातला बोर्ड त्याला जोडता येतो आणि त्यावर पंखा, मिक्सर, काय हवं ते चालतं. डोंगरापलीकडे जनावरांचा एक फिरता दवाखाना आहे, तिथं तिला नोकरी लागली होती. तिकडच्या गोठ्यांत दिवासुद्धा नसतो. लसींचा फ्रिज, सुया उकळायचं भांडं, रात्री अडलेल्या गायीवर धरायचा दिवा, सगळं या गाडीवर चालायचं होतं.

दोनदा तिचं जाणं पुढे ढकललं गेलं होतं. एकदा दादाचे गुडघे धरले म्हणून, एकदा काहीच कारण नव्हतं म्हणून. आता तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "परवा संध्याकाळपर्यंत आलीस तर आलीस. नाहीतर मी दुसरीला बोलावते." रस्ता लांबचा, चढाचा, वाटेत चार्जिंगची सोय नाही. गाडी पूर्ण भरलेली नसेल तर पोचणं अशक्य. आणि आमच्या घराचं वायरिंग इतकं जुनं की ते गाडीला चमच्याचमच्यानं पाजतं. रात्रभर जेवढं आत जात होतं त्याहून जास्त दिवसा कुणीतरी बाहेर काढत होतं.

"गॅरेजवाल्याला दाखवलीस?"

"सकाळीच. तो म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे. कुणीतरी वापरतंय."

"पण ती ऐंशीची भानगड होती ना तुझी?"

मागच्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि गल्लीत लाईट नव्हती. तेव्हा या गाडीनं आमचं घर, शेजारचं घर आणि वरचा भाडेकरू सांभाळला होता. शेजारी हावरट होतील या भीतीनं भिंगरीनं तिच्या फोनमधून गाडीला सांगून ठेवलं होतं, ऐंशीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ऐंशी आले की गाडी आपणहून हात आखडता घ्यायची. शिवाय कुणी बोर्ड जोडला की भिंगरीचा फोन चिमणीसारखा चिवचिवायचा. तेव्हा दिवसभर नुसता चिवचिवाट.

"काय माहीत," भिंगरी म्हणाली. "ते ॲप हल्ली नीट चालत नाही." आणि ती टायरला हवा आहे का ते बघायला खाली वाकली. टायर चांगला टम्म होता.

आतून दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भिंगरीचा बाप. आयुष्यभर लॉन्ड्री चालवली. दिवसभर उभं राहणं जमेना तेव्हा गेल्या वर्षी शटर ओढलं. त्यानं गाडीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "चहा टाकू?"

"दादा, पोरीची वीज चोरीला गेलीय."

"बरं," दादा म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.

दादाचं हे असंच आहे. भिंगरीनं नोकरीची बातमी जेवताना सांगितली, तेव्हाही तो "बरं, मीठ दे जरा" म्हणाला होता. भिंगरीचा थोरला भाऊ परदेशी गेला तेव्हाही "बरं". वहिनी दवाखान्यात निघाली, "येते हं," म्हणाली, तेव्हा हातातली इस्त्री खाली न ठेवता दादा म्हणाला होता, "बरं". ती आली नाही. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुठं निघालं की सगळे एकदम कामाला लागतात.

मीही. त्या संध्याकाळी मी तीन बाह्या आखूड केल्या. एक करायची नव्हती.

३

सकाळी मी तपासाला निघाले. दुसरं कुणी नव्हतंच. भिंगरी जुन्या दवाखान्यात चाव्या द्यायला गेली होती आणि दादा नळाखाली बादल्या लावत होता.

संशयित दोन. पहिल्या, शेजारच्या केकवाल्या काकू. काकूंची भट्टी विजेवर चालते, आणि मागच्या महिन्यात आमच्या गाडीवर त्यांनी एका अख्ख्या लग्नाचा केक भाजला होता.

"माझ्यावर संशय?" काकूंनी क्रीमची पिशवी अशी आवळली की टेबलावर एक नको तिथे गुलाब उमटला. "अहो ताई, मी मागून घेईन, चोरून कशाला घेऊ? त्या पोरीनं माझ्या मांजरीचं बाळंतपण केलंय!"

"रागावू नका हो. विचारायचं काम आहे."

"जाऊ दे एकदाची. अंगण मोकळं होईल. मला टेम्पो लावायला जागा होईल." काकूंनी पाठ फिरवली आणि डोळ्यांत पिठीसाखर गेली असं सांगून डोळे पुसले. ज्यानं पुसले ते फडकं बघून मी बसल्या जागी ताठ झाले.

"काकू, हे फडकं?"

"भांडी पुसायचं आहे. का?"

"याला इस्त्री कुणी केली?"

काकूंनी फडकं डोळ्यांपासून लांब धरलं. जुनं, चहाचे डाग पडलेलं, एका कडेला जळलेलं. आणि त्यावर चार घड्यांच्या रेघा होत्या, पट्टीनं आखाव्यात तशा. "अगं बाई! काल दोरीवर वाळत होतं. संध्याकाळी दारावर घडी करून ठेवलेलं होतं. मला वाटलं तुम्हीच ठेवलंत."

मी ठेवलं नव्हतं. मी लग्नाच्या ब्लाऊजलाही इस्त्री करायला कंटाळते.

४

दुसरा संशयित वरच्या मजल्यावर. मास्तर. शाळेत पोहायला शिकवायचे, आता निवृत्त होऊन मासे पाळतात. काचेच्या चार पेट्या, त्यांचे पंप, त्यांचे हीटर, त्यांचे दिवे. लाईट गेली की मास्तरांच्याच जिवाची तडफड होते. मासे त्या मानानं शांत असतात.

"माझे मासे चोर नाहीत," दार उघडताच मास्तर म्हणाले. बातमी माझ्या आधी जिना चढली होती.

"माशांना कोण म्हणतंय?"

"मागच्या वेळी घेतली ती विचारून घेतली. डॉक्टरनंच बोर्ड वर आणून दिला." मास्तर भिंगरीला डॉक्टरच म्हणतात; तिनं त्यांच्या एका सोनेरी माशाच्या पोटातला खडा काढला तेव्हापासून. "आणि ताई, आता कशाला घेऊ? माझ्याकडे लाईट आहे की!"

मी जिन्यातच थांबले.

लाईट आहे. कालही होती. परवाही होती. दोन्ही दुपारी माझं शिलाईचं मशीन अखंड चालू होतं, त्याची मोटर काही माझ्या पुण्याईवर फिरत नाही. मग भिंतीत जिवंत प्लग असताना कुणी अंगणात येऊन, गाडीच्या तोंडात उलट-प्लग बसवून, तिथून वीज का घेईल?

"अजून एक," मास्तर म्हणाले. "दुपारी खालून वास येतो. छान वास. गरम कापडाचा आणि साबणाचा. तुमचं दुकान चालू असताना यायचा ना, तसा. मला वाटलं म्हातारपणी जुने वास येत असतील. तुम्हाला येतो का?"

मला येत नव्हता. पण माझ्या नाकाशी कायम मशीनचं तेल असतं.

खाली उतरले. जिन्याच्या तळाशी पायपुसणं होतं. मी ते उचललं. सुतळीचं, झिजलेलं, आणि इस्त्री केलेलं. कोपऱ्यात बादलीच्या कडेवर फरशी पुसायचं पोतेरं टाकलेलं होतं.

टाकलेलं नव्हतं. ठेवलेलं होतं. कडक इस्त्री करून, चौकोनी घडी घालून, आणि शेवटची घडी उलटी दुमडून.

त्या उलट्या घडीवर माझी नजर अडकली. लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर गिऱ्हाईकाची खूण असते. घडी घातल्यावर ती वर दिसावी म्हणून शेवटचा कोपरा उलटा दुमडायचा, अशी एकाच माणसाच्या हाताची सवय होती. पोतेऱ्याला कसली आलीय खूण? पण हाताला कोण सांगणार!

तेवढ्यात दुकानाच्या बंद शटरमागून घरघर सुरू झाली.

५

मी मागच्या दारानं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याच्या फटीतून एक जाड काळी वायर बाहेर आली होती, अंगण ओलांडून थेट निळ्या गाडीच्या तोंडापर्यंत. माझं मशीन बंद होतं म्हणून आज ती घरघर ऐकू येत होती, एवढंच.

आत मोठा ड्रायर फिरत होता. वर्षभर ज्याच्यावर चादर होती तोच. त्याच्या काचेतून माझ्याच घराचे पडदे गरगरताना दिसले. टेबलापाशी दादा उभा होता, बनियनवर, कपाळाला घाम, आणि हातात वाफेची इस्त्री. इस्त्रीखाली काय होतं? माझी कापडी माप घ्यायची पट्टी.

"दादा!"

दादानं इस्त्री उचलली आणि स्टँडवर ठेवली. पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. "वळली होती," म्हणाला.

मी भिंतीवरचं बटण दाबलं. दुकानातला बल्ब झकास लागला. "इथं लाईट आहे. ड्रायरचा प्लग त्या तिथं आहे, तुझ्या पाठीमागं. हातभर अंतरावर. आणि तू वायर ओढून गाडीतून घेतोस?"

दादानं बटण बंद केलं.

"तुला वीज नकोच होती. तुला ती संपवायची होती."

दादानं ढिगातून एक रुमाल घेतला, पसरला, हातानं सारखा केला.

"मग नुसता ड्रायर रिकामा फिरवायचास! हीटर लावून बसायचंस! पोतेऱ्याला इस्त्री कशाला केलीस? काकूंचं फडकं दोरीवरून काढून आणलंस! पकडला गेलास तो त्याच्यामुळे."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अचाट बोलले होते. "रिकामा फिरवायचा? मशीन तापलंय आणि आत काही नाही?" त्यानं मान हलवली. "पोरीनं स्वतःच्या कमाईची भरलेली वीज. वाया कशी घालवायची?"

आता या माणसावर चिडायचं कसं, ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मुलीची वाट अडवायची म्हणून चोरी केली आणि चोरीचा माल फुकट जाऊ नये म्हणून अख्ख्या गल्लीची फडकी धुऊन, वाळवून, कडक करून परत नेऊन ठेवली. मी स्टुलावर बसले. हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं.

"दादा, तिची जागा जाईल."

"माहीत आहे."

"मग?"

दादानं रुमालाची घडी घातली. शेवटचा कोपरा उलटा.

मला वाटलं तपास संपला. उठले, आणि पुन्हा खाली बसले. एक धागा अजून लोंबत होता, आणि लोंबता धागा मी कधी सोडत नाही.

"त्या गाडीच्या तोंडाचं झाकण उघडायला तिचं कार्ड लागतं ना? ते कुठून आणलंस?"

"एक स्वयंपाकघरात खिळ्याला असतं. नेहमीच."

"आणि ऐंशीवर बंद पडली नाही?"

"ऐंशीवर म्हणजे?" दादानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. दादाला टीव्हीचा आवाज कमी करायलाही भिंगरी लागते.

ऐंशीच्या खाली गाडी वीज देत नव्हती. ती हद्द फक्त एका फोनवरून हलत होती. आणि तो फोन, जो मास्तरांचा एवढासा पंप जोडला तरी चिवचिवायचा, तो दोन दुपारी हा एवढा मोठा ड्रायर चालू असताना गप्प होता.

चोराला घरातून कुणीतरी दार उघडून दिलं होतं.

६

ते कुणीतरी माझ्या पाठीमागं दारात उभं होतं. हातात जुन्या दवाखान्यातून आणलेलं खोकं, खोक्यावर तिचा पांढरा कोट. कोटालाही इस्त्री होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"कधीपासून माहीत होतं गं तुला?" मी विचारलं.

"पहिल्या दुपारपासून," भिंगरी म्हणाली. "फोन वाजला. मी कामावरून पळत आले, म्हटलं कोण आहे बघू. फटीतून बघितलं तर बाबा माझ्या मोज्यांना इस्त्री करत होते."

दादा खाली बघत होता.

"मी परत गेले. फोनचा आवाज बंद केला. आणि ऐंशीचे दहा केले." तिनं खोकं टेबलावर ठेवलं. "गॅरेजवाल्याकडे उगाच गेले. काल अंगणात ओरडले तेही उगाच. म्हणजे उगाच नाही. कुणीतरी ऐकावं म्हणून."

"मी ऐकलं."

"तुझ्यासाठी नव्हतं गं आत्या."

ड्रायर थांबला. पडदे एकमेकांवर पडून राहिले. इतकी शांतता झाली की वरचे पंप ऐकू आले.

"तुला जायचं नसेल तर तसं सांग की," मी म्हणाले. "त्यासाठी गाडी कशाला उपाशी मारायची?"

"जायचंय!" भिंगरी एकदम म्हणाली. "मला जायचंय आत्या. रात्री झोपेत मी ते गोठे बघते. जाणारच आहे मी. पण माझा भाऊ परदेशी गेला, बाबा 'बरं' म्हणाले. आई..." तिनं ते वाक्य तिथंच सोडलं. "मी सांगितलं तर मीठ मागितलं. मला वाटलं, ठीक आहे, बॅटरी आहे तोवर वेळ आहे. बघू या, ती रिकामी व्हायच्या आत बाबा काही बोलतात का."

दादानं इस्त्रीचा प्लग काढला. वायर हाताभोवती गुंडाळली, सावकाश, जशी दुकान बंद करताना गुंडाळायचा. मला वाटलं, आता हा चहा टाकायला जाणार. मी तोंडात घालायला टाचण्या शोधू लागले, एकही नव्हती.

दादा चहाकडे गेला नाही. तो मागच्या दारानं अंगणात उतरला, एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवून. आम्ही दोघी मागोमाग. काकू त्यांच्या दारात आल्या होत्या, हातात ते चौकोनी घडीचं फडकं. वर गॅलरीत मास्तर माशांचं खाणं चिमटीत धरून थांबले होते. सगळ्यांना एकदम आकाशात काहीतरी बघायचं होतं.

दादानं गाडीच्या तोंडातला उलट-प्लग ओढून काढला. तो नीट पुसला आणि भिंगरीच्या हातात दिला. मग भिंतीवरची चार्जिंगची वायर उतरवली, तिचे वेढे सोडवले, आणि चुकलेल्या बटणासारखी दोनदा इकडेतिकडे करून शेवटी बरोबर बसवली. टक् असा आवाज झाला. झाकणाशेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"आत्तापासून लावली तर सकाळपर्यंत भरेल ना?" त्यानं विचारलं.

"भरेल," भिंगरी म्हणाली.

"कुणी काढायची नाही."

"नाही."

दादाचा हात वायरवरच होता. पाठ आमच्याकडे. बनियनला पाठीवर घामाचा डाग, आणि त्या बनियनलाही, देवा, इस्त्रीची रेघ. तो हिरव्या दिव्याकडे बघत होता, आणि दिवा लागतोय, विझतोय, लागतोय.

"जाऊ नकोस गं, भिंगरे," दादा म्हणाला.